आवाज येत नाही, काहीही बोला

आमचे पगारे टीव्हीवाले होते आणि आमच्या नाशकात टीव्ही नव्हता. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. मी त्या माणसाबरोबर संसार केलाय, मला त्यात फारसं हसण्यासारखं काही दिसलं नाही. नवऱ्याला आडनावानं हाक मारते म्हणूनही आमच्या शाळेतल्या बाया हसायच्या. मी म्हणायची, त्यांचं नाव सहादू आहे, तुम्हाला हवं तर तुम्ही सहादू म्हणा, मी पगारेच म्हणणार.

सातपूरच्या नाक्यावर पगाऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. कारखान्यांच्या गेटपासाचे फोटो, साखरपुडे, लग्नं, बारशी, असं चाललेलं असायचं. मुंबईत टीव्ही केंद्र निघालं आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. चित्रण करायला मुंबईची माणसं आली, तेव्हा पगाऱ्यांनी त्यांना राजदूत फटफटीवर बसवून नांदगावकडच्या खडी फोडायच्या कामांवर फिरवलं. त्या ओळखीतून पुढं एक जुना चावीचा कॅमेरा मिळाला आणि आमचे पगारे जिल्ह्याचे टीव्हीवाले झाले. चावी फिरवायची, खटका दाबायचा, कॅमेरा घरघर करत चालायचा. रीळ संपली की डबीत घालायची, डबीला चिकटपट्टी लावायची आणि मुंबईच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे नाहीतर पंचवटी एक्स्प्रेसनं जाणाऱ्या एखाद्या पासवाल्याकडे द्यायची. पुढं मुंबईवाले ती धुणार, कापणार आणि वर आपली बातमी वाचणार. ती लागली की नाही, हे आम्हाला कळायचं नाही. मुंबईहून कुणाचा पाहुणा आला की पगारे त्याला पाणी विचारायच्या आधी विचारायचे, बुधवारी टीव्ही बघितला का?

आता मुद्द्याची गोष्ट. त्या कॅमेऱ्याला डोळे होते, कान नव्हते. आवाज घेता यायचा नाही. आणि आपली माणसं कॅमेरा दिसला की गेटपासाचा फोटो असल्यासारखी ताठ उभी राहतात, हात मांड्यांना चिकटवून. असलं चित्रण मुंबईवाले फेकून द्यायचे. म्हणून पगाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. चावी देता देता ते म्हणायचे, "बोला. काहीही बोला. आवाज येत नाही."

आणि लोक बोलायचे. विंचूरच्या कांद्याच्या लिलावात एका बड्या व्यापाऱ्यानं गंभीर चेहरा करून एकोणतीसचा पाढा म्हटला होता. एका पुढाऱ्यानं धरणाच्या कामावर हात हलवत हलवत आपल्या साडूला शिव्या घातल्या. कळवणच्या एका म्हातारीनं शेजारी हसत उभ्या असलेल्या तहसीलदाराची अशी काही उतरवली, की पगारे घरी येऊन सांगतानाही पोट धरून हसत होते. पण सगळेच काही गंमत करायचे नाहीत. काही जण भलतंच बोलायचे. कुणी मेलेल्या पोराबद्दल, कुणी भावानं बळकावलेल्या शेताबद्दल. आवाज येत नाही म्हटल्यावर त्यांना कुठून धीर यायचा कोण जाणे. मी विचारायची, तुम्हाला ऐकवतं कसं? ते म्हणायचे, "विमल, ते माझ्याशी नाही बोलत, कॅमेऱ्याशी बोलतात. मी फक्त चावी देतो." जिल्हाभर सगळ्यांना माहीत होतं, की पगाऱ्यांच्या कॅमेऱ्यापुढं काहीही बोललं तरी चालतं.

असं दहा-अकरा वर्षं चाललं आणि चौऱ्याऐंशी साल उजाडलं. त्या सालाचं काय सांगू? मी शाळेत चौथीच्या वर्गाला चालू घडामोडी शिकवायची, आणि त्या वर्षी मला सकाळी शिकवलेलं संध्याकाळी खरं राहील की नाही याची खात्री नसायची. पंजाबात सैन्य गेलं. मग दिवाळी संपते न संपते तोच पंतप्रधानांना त्यांच्याच घरच्या पहारेकऱ्यांनी मारलं. दिल्ली पेटली. मुलं मला विचारायची, बाई, पहारेकरी कसा मारेल? मी काय सांगणार, कपाळ? मी म्हणायची, शुद्धलेखन काढा.

आणि नेमका त्याच वर्षी नाशकात टीव्हीचा मनोरा उभा राहिला. पगाऱ्यांनी वसाहतीत सगळ्यात आधी टीव्ही आणला. इतकी वर्षं डबीत घालून पाठवलं, ते आता डोळ्यांनी बघणार म्हणून माणूस लहान पोरासारखा खूश होता. पण मनोरा लागला तो दिल्लीचे कार्यक्रम दाखवणारा. मुंबई काही दिसेना. पगारे नाशिकचं चित्रण मुंबईला पाठवायचे आणि घरी बसून दिल्ली बघायचे. आफ्रिकेतल्या दुष्काळातली हाडं उरलेली पोरं आम्हाला आमच्या खोलीत दिसायची, आणि सातपूरचा रस्ता दिसायचा नाही. मला तर हे कोडंच होतं. मी विचारलं तर ते म्हणाले, मलाही कळत नाही.

आमच्या मागच्या चाळीत कुसाबाई राहायची. मूळची कळवणकडची. तिचा नवरा पुंजा आणि तिचा धाकटा भाऊ बारकू, दोघंही एका रंगाच्या कारखान्यात कामाला होते. कारखान्याचं नाव मी घेत नाही. गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात पुंजा टाकी साफ करायला आत उतरला आणि गुदमरून मेला. कारखान्यानं सांगितलं, तो दारू पिऊन आला होता, तोल जाऊन पडला. पेपरातही तसंच आलं, मद्यधुंद अवस्थेत वगैरे. डॉक्टरच्या कागदावर दारूचं काही नव्हतं. पण दारू नव्हती असंही लिहिलेलं नव्हतं. पुंजा शिमग्याला थोडी घ्यायचा, हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं लोक चुकचुकायचे, आणि पाठ वळली की म्हणायचे, घेतली असेल बाबा, कुणी सांगावं.

कुसाबाईनं नवरा गेल्याचं दुःख गिळलं, पण ही एक गोष्ट तिच्या घशातून उतरेना. ती माझ्याकडं यायची, उंबऱ्याशी बसायची आणि म्हणायची, "बाई, माझा मानूस पिऊन नाय मेला. एवढं एकदा कुनीतरी चारचौघांत म्हना. मला दुसरं काय नको." मी काय म्हणणार? मी त्या टाकीपाशी नव्हते. त्या दिवशी टाकीपाशी बारकू होता. त्याला विचारलं की तो म्हणायचा, मी पान्याचा पाइप आनायला गेलेलो, मला काय दिसलं नाय. दाजी गेल्यापासून तो बहिणीला फुलासारखा जपायचा. तिचं पाणी भरायचा, किराणा आणायचा, तिच्या दारात झोपायचा. सगळी चाळ म्हणायची, भाऊ असावा तर असा.

डिसेंबरात भोपाळला वायू सुटला. रात्रीत किती माणसं मेली, कुणाला सांगता येईना. टीव्हीवर दिसत होती तेवढीसुद्धा मोजवत नव्हती. सातपूरमधल्या प्रत्येक घरात माणसं नाक वर करून वास घेऊ लागली. सहा डिसेंबरला पगारे चैत्यभूमीला गेले होते. परत आले तर स्टुडिओपुढं एक जीप उभी. दिल्लीहून यादव नावाचे एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, हे जे वर्ष सरतंय त्यावर टीव्हीसाठी कार्यक्रम करतोय. वर्षात देशात आणि जगात जे जे झालं ते आहेच, पण मला बघायचंय की भोपाळ अजून कुठं कुठं होऊ शकतं. मुंबई केंद्रानं तुमचं नाव सांगितलं. पगारे तर हवेतच गेले. चौकशी करणारा टीव्हीवाला त्यांनी आजवर बघितला नव्हता. त्यांना ठाऊक असलेला टीव्ही म्हणजे उद्घाटनं, लिलाव आणि पूर.

यादवांच्या कानावर पुंजाचं आलं होतं. त्यांनी कारखान्याच्या गेटवर जो भेटेल त्याला विचारून पाहिलं, पण कुणी तोंड उघडेना. भोपाळमुळं साहेब लोक आधीच बिथरलेले, कोण बोलेल? बारकूनं तर हातच जोडले. "साहेब, माझी नोकरी जाईल. बहिणीचं घर माझ्यावर हाय." यादव म्हणाले, ठीक आहे, बोलू नका, नुसते कारखान्याकडं पाठ करून उभे राहा, आम्हाला तुमचा चेहरा घेऊ द्या. यादवांना मराठी कळत नव्हतं, बारकूला हिंदी बेताचं. मध्ये पगारे.

पुढचं मी पाहिलेलं नाही, जसं ऐकलं तसं सांगते. यादवांच्या माणसाच्या खांद्यावर मोठा कॅमेरा होता, त्यातून एक वायर दुसऱ्या माणसाच्या गळ्यातल्या पेटीत गेलेली. कॅमेऱ्याला चावी नव्हती. घरघरही नव्हती. बारकू नेहमीप्रमाणं ताठ उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून. आणि पगारे इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याला काहीतरी म्हणाले. मग बारकू बोलायला लागला. बराच वेळ बोलला. पगाऱ्यांनी ते ऐकलं का? ते म्हणाले, मी लांब सरकलो होतो, मागून ट्रक जात होता. बोलणं झाल्यावर बारकूनं डोळे पुसले, पगाऱ्यांकडून तंबाखू घेतली आणि म्हणाला, "बरं वाटलं." जीप निघून गेली.

निवडणूक झाली, नवं सरकार आलं, आणि जानेवारीच्या शेवटी यादवांनी कळवलं की रविवारी सकाळी कार्यक्रम आहे. सगळ्या चाळीला सांगत फिरला तो बारकू. "मी टीव्हीत येनार हाय." मला तेवढं हळूच म्हणाला, "पन मुका, बाई." आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुसाबाईला मी पुढं बसवलं, तिच्या शेजारी बारकू, नवा सदरा घालून.

कार्यक्रम सुरू झाला. सुवर्णमंदिर, दिल्लीतली जळकी घरं, आफ्रिका, कुठल्याशा देशातले संपावरचे खाणकामगार, भोपाळ. एका मागोमाग एक इतकं काही दाखवलं, की माझं डोकं भणभणायला लागलं. कशाचा कशाला संबंध ते समजेना. मग एकदम सातपूर. पोरांनी गलका केला. बारकू हसत पुढं वाकला. टीव्हीतला बारकू तोंड उघडत होता, आणि त्याचा आवाज आला. त्याचाच, कळवणचा, नाकातला आवाज. खाली हिंदी अक्षरं.

"दाजी त्या दिशी पेलेला नव्हता. टाकीत उतरायची पाळी माझी व्हती. आदल्या दिशी वासानं माझी छाती भरलेली. मी म्हनलं, दाजी, आजच्या दिवस तुमी उतरा. तो काय बोलला नाय, उतरला. मी वर हुभा राहून तंबाखू मळत व्हतो."

टीव्हीत यादव हिंदीत पुढचं काही सांगू लागले, आणि मला ते एक अक्षर कळलं नाही. बारकू तसाच वाकलेला होता, तोंडावरचं हसू काढायला विसरला होता. कुसाबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं पदर नीट केला, उठली, माणसांतून वाट काढत घरी गेली. बारकू नंतर कधी उठला ते मी पाहिलं नाही. संध्याकाळी कळलं, तो पिशवी घेऊन कळवणच्या गाडीत बसला, कुणाशी शब्द न बोलता.

सगळे गेल्यावर मी टीव्ही बंद केला आणि पगाऱ्यांसमोर उभी राहिले. म्हटलं, "काय सांगितलंत त्याला?"

"नेहमीचंच. काहीही बोल, आवाज येत नाही."

"आणि येत होता."

"मला वाटलं आवाजाला तोंडापुढं माइक धरावा लागतो. रेडिओवाले धरतात तसा. त्यांच्या कॅमेऱ्यावर स्पंज लावलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, उन्हासाठी असेल."

मी म्हटलं, "पगारे, मागच्या मेमध्ये कॉलेज रोडच्या लग्नात तुम्ही व्हिडिओ बघून आलात. घरी येऊन म्हणालात, विमल, भटजींचं खोकणंसुद्धा आलंय त्यात. विसरलात?"

त्यांनी बंद टीव्हीवर कापड टाकलं. मग म्हणाले, "तेव्हा आठवलं नाही." आणि थोड्या वेळानं, "की आठवलं होतं? मला खरंच सांगता येत नाही." मला इतका राग आला, आणि तो त्यांच्यावर की यादवांवर की त्या टीव्हीच्या डब्यावर, तेही मला ठरवता येईना. मी भांडी घासायला घेतली आणि दोन पेले फोडले.

त्यानंतर जे व्हायचं ते भराभर झालं. भोपाळ ताजं होतं, दिल्लीहून विचारणा झाली, सरकारी साहेब कारखान्यात आले. अहवालात स्पष्ट लिहिलं गेलं की मयत नशेत असल्याचा काहीही पुरावा नाही. पेपरातही आलं, आतल्या पानावर का होईना. कुसाबाईला कारखान्यानं पॅकिंगमध्ये कामावर घेतलं. आणि कारखान्यानं हेही सांगितलं, की पाळी बदलली ती बारकूनं, साहेबांना न विचारता, तेव्हा दोष त्याचा. बारकूला कामावरून काढलं. टाकीत मुळात माणूस कशाला उतरवता, हे कुणी विचारलं असेल तर ते माझ्या वाचनात नाही.

म्हणजे कुसाबाईला जे हवं होतं ते मिळालं, चारचौघांतच काय, अख्ख्या देशात. पण ती काही माझ्या उंबऱ्याशी येईना. चाळीत मात्र दोन तट पडले. काही म्हणायचे, पगाऱ्यानं पोराला फसवलं, नाव काढायला. काही म्हणायचे, पगाऱ्यामुळं पुंजावरचा डाग गेला. स्टुडिओत फोटो काढायला येणारे खुर्चीवर बसले की ओठ मिटून घ्यायचे. पगारे म्हणायचे, "अहो, हा साधा कॅमेरा आहे." तरी लोक बोलायचे नाहीत. मी पगाऱ्यांना म्हणायची, सांगून टाका ना सगळ्यांना, की तुम्हाला माहीत नव्हतं. ते म्हणायचे, "माहीत नव्हतं का?" असा माणूस. त्याच्याशी भांडायची पण सोय नाही.

होळीच्या सुमारास एका दुपारी कुसाबाई स्टुडिओत आली. शाळा सुटल्यावर मी तिथंच पोळीभाजीचा डबा घेऊन बसले होते. ती खुर्चीवर बसली नाही, काउंटरला धरून उभी राहिली. आधी मला वाटलं भांडायला आली.

"पगारेभाऊ, एकच इचारते. बारक्याला तुमी काय सांगितलं व्हतं? आवाज येतो म्हनून, का येत नाय म्हनून?"

पगाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी डब्याकडं.

ती म्हणाली, "मला पाळीचं काय नाय. माझा मानूस कुनालाबी नाय म्हनत नव्हता, त्यो असाच उतरला असता. पन इतके महिने बारक्या माझ्या दारात झोपला आन् मला बोलला नाय. आता तुमी आवाज येतो म्हनले असाल, आन् तरी तो बोलला, तर तो मलाच सांगत व्हता. तोंडावर सांगवंना म्हनून तसं सांगितलं. मंग मी त्याला घिऊन येते. आन् तुमी येत नाय म्हनले असाल, तर..." ती काउंटरची काच पदरानं पुसू लागली.

पगारे आयुष्यात माझ्यासमोर कधी खोटं बोलले नव्हते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून धंदा करायचे, गेटपासाच्या फोटोत कुणाला गोरंसुद्धा करून द्यायचे नाहीत.

ते म्हणाले, "कुसाबाई, मी त्याला बजावून सांगितलं होतं. बारकू, हा नवा कॅमेरा आहे, यात आवाज येतो, सगळा देश ऐकेल. तो म्हणाला, येऊ दे."

"येऊ दे म्हनला?"

"येऊ दे म्हणाला."

कुसाबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथंच खाली बसून रडली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडलेली मी पाहिली नव्हती. मी तिला पाणी दिलं. ती उठली ती तडक कळवणच्या गाडीला गेली, अंगावरच्या लुगड्यानिशी.

ती वळणावर दिसेनाशी झाली आणि मी पगाऱ्यांवर उसळले. "खोटं बोललात तुम्ही. धडधडीत."

"मग काय सांगायला हवं होतं?"

मी ते सोडून दुसरं काढलं. "आणि तिच्यासाठी बोललात की स्वतःसाठी? आता तुम्ही त्याला बजावलं होतं म्हटल्यावर फसवल्याचा ठपका तर गेलाच तुमच्यावरचा."

पगारे खुर्चीत बसले. फोटोला येणारी गिऱ्हाइकं बसायची त्या खुर्चीत. ते म्हणाले, "विमल, बोलताना मला तीच दिसत होती. पण बोलून झाल्यावर हलकं वाटलं ते मलाच. आता यातलं कुठलं आधी होतं, तूच सांग." मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या माणसाची दया आली, आणि राग काही गेला नाही. दोन्ही एकदमच होतं.

माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीनं टांगणीला लागला होता. कळवणला गेल्यावर ती बारकूला विचारेल, आणि तो सरळ सांगेल की पगारे आवाज येत नाही म्हणाले होते. मग ती बाई काय करेल? भाऊ तर जाईलच, वर आम्ही दोघंही तिला फसवणारे ठरू, कारण मी तिथं बसून गप्प राहिले होते. ते दोन दिवस मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी दोघं परत आली. चाळीत पोरं ओरडत आली, बारक्या आला, बारक्या आला. कुसाबाईच्या घरातून बऱ्याच महिन्यांनी तळणाचा वास आला. संध्याकाळी बारकू आमच्याकडं आला. वाळला होता, दाढी वाढलेली. दारातच उभा राहिला. पगारे म्हणाले, ये, बस. तो बसला. मी स्वयंपाकघरात होते, पण आमचं स्वयंपाकघर ते कितीसं लांब.

बारकू म्हणाला, "अक्का आली आन् गळ्यात पडली. म्हनली, तुला म्हाईत व्हतं ना आवाज येतो म्हनून? मलाच सांगत व्हतास ना? मी हो म्हनलो."

"बरं केलंस."

"रस्त्यानं गाडीत तिनं पुन्यांदा इचारलं. मी पुन्यांदा हो म्हनलो. पगारेभाऊ म्हनले आन् तू येऊ दे म्हनलास ना? हो म्हनलो. लय खूश झाली. शेजारच्या बाईला सांगत व्हती, माझा भाऊ कुनाला भ्यायला नाय." तो थांबला. "भाऊ, तुमी खरं काय म्हनलेले मला? मला आता तसंच दिसाया लागलंय. तुमी माझ्या खांद्यावर हात ठिवला, आन् म्हनले, आवाज येतो बरं का. खरंच ठिवला व्हता का हात?"

पगाऱ्यांची खुर्ची करकरली. मला वाटलं, आता सांगतील. मग त्यांचा आवाज आला, आणि तो मला खोटा वाटला नाही, हेच माझ्या अंगावर आलं. ते म्हणाले, "ठेवला होता वाटतं. मलाही तसंच आठवतं."

पुढं बारकूला दुसरीकडं काम मिळालं. पगाऱ्यांनी तो चावीचा कॅमेरा कपाटात ठेवून दिला आणि टीव्हीचं काम सोडलं. मुंबईवाल्यांनाही आता व्हिडिओच हवा होता. कुसाबाई दर सणाला आमच्याकडं वाटी पाठवते, भावाच्या हातानं. पगारे आणि ती भावंडं एकत्र बसली की त्या दिवसाची गोष्ट निघते, आणि आता तिघंही ती सारखीच सांगतात, खांद्यावरच्या हातासकट. त्या रविवारी टीव्ही बंद केल्यावर पगारे काय म्हणाले होते, ते फक्त मला आठवतं. कुसाबाई दरवेळी माझ्याकडं वळून विचारते, "व्हय ना, बाई?" आणि मी हो म्हणते.